बाटलीवरचे गाव



व्याख्यानमालेच्या पत्रकावर आमच्या नावापुढे 'फ्रान्समधील वाइनची प्रतवारी' असा विषय छापलेला पाहून परवा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला एस्.टी. थांब्यावर गाठले. म्हणाले, "तुम्ही हमाल-मापाड्यांचे काम करणारे. चैत्रवैशाखात लोकांना पाण्यावर काही सांगाल म्हणून आम्ही येणार होतो, आणि तुम्ही दारूवर बोलणार?" आम्ही म्हटले, "दादा, तेरखेड्याच्या माणसाने दारूवर नाही बोलायचे तर कोणी बोलायचे?" ते हसले आणि येतो म्हणाले, समोर तिसऱ्या रांगेत बसलेही आहेत. आपल्या गावात दारू म्हटली की आधी शोभेची दारू आठवते. पिण्याची दारू सगळीकडेच आहे. पण दारूवर ज्यांची चूल पेटते अशी घरे इथे जितकी आहेत तितकी आसपासच्या मुलखात कोठे नसतील. तेव्हा विषय दिसतो तितका परका नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पिण्याच्या दारूची तरफदारी करण्यासाठी आम्ही उभे नाही. हप्त्याचे पैसे घरी पोहोचण्याआधी गुत्त्यावर कसे जिरतात हे ज्याने तीस वर्षे पाहिले, त्याला ती तरफदारी जमणार नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन ही दारू की शेतीमाल असा वाद महाराष्ट्रभर माजला. तो वाद आज आम्ही उकरून काढणार नाही. बाटलीत काय आहे यापेक्षा बाटलीवर काय लिहिले आहे, ते कोणी लिहिले आणि कोणाला विचारून लिहिले, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

चिठ्ठ्यांशी आमचा संबंध जुना. वयाच्या अकराव्या वर्षी आम्ही एका कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये फटाक्यांच्या पुड्यांवर खळीने चित्रे चिकटवीत असू. कधी लक्ष्मी, कधी वाघ, कधी विमान. एका दिवाळीला जी चिठ्ठी आली तिच्यावर गावाचे नाव दूरच्या एका प्रसिद्ध ठिकाणचे होते. माल आमच्या मावशीने भरलेला, वात शेजारणीने बसवलेली, आणि गाव भलतेच! आम्ही पोरवयात तोंड वर करून विचारले. उत्तर मिळाले, "तेरखेडा लिहिले तर पुड्यामागे पैसे कमी येतात. चिकटव गुपचूप." गावाच्या नावाला किंमत असते, आणि ती किंमत ठरवणारा गावातला असतोच असे नाही, हा आमचा पहिला धडा. शाळा सातवीत सुटली; हा धडा सुटला नाही.

पुढे मोंढ्यात पाठीवर पोती वाहिली, संघटनेत आलो, आणि वाचनालयाच्या कृपेने, शब्दकोश मांडीवर घेऊन, जमेल तसे इंग्रजी वाचावयास शिकलो. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कामगारांच्या एका बैठकीसाठी नाशकास जाणे झाले. बैठक आटोपल्यावर आमचे एक सहकारी म्हणाले, आलोच आहोत तर दिंडोरीकडचे मळे पाहू. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मागे लागला.

नाशिकच्या द्राक्षांची हकीकत आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ओझरला रावसाहेब जयराम गायकवाडांनी १९२५ साली लावलेल्या वेलींपासून तिथल्या द्राक्षबागांची सुरुवात सांगतात. ती खाण्याची द्राक्षे. वाइनची द्राक्षे त्या मानाने कालची. १९८० नंतर नारायणगावास शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फेसाळ वाइन काढून ती परदेशी पाठविली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या फ्रेंच जाती लावल्या. त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारी करात सवलती दिल्या, आणि निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन पार्क उभा राहिला. दहाएक वर्षांत 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाची भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत नोंदही झाली.

आम्ही मळ्यावर पोहोचलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. ऊन चढले की घड तापतात, म्हणून तोडणी पहाटेच सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आदिवासी मजुरांची टोळी ओळीओळींतून चालली होती. एका हातात छोटी कात्री, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत घड, पायाशी क्रेट. खाण्याच्या द्राक्षाचा घड डौलदार, मणी लांब आणि टपोरे. त्यासाठी विरळणी करावी लागते, घड औषधात बुडवावे लागतात. वाइनचा मणी याच्या अगदी उलट. बारीक, गोल, जाड सालीचा, बियांनी भरलेला. आम्ही एका बाईंना विचारले, "ताई, खायला कशी लागतात ही?" त्या म्हणाल्या, "गोड हायेत दादा, पण बी लई. पोरं थुकून टाकतात." आम्ही विचारले, "आणि यांची वाइन?" त्यांनी तोंडाला पदर लावला. "ती पावण्यांची," एवढेच म्हणाल्या, आणि क्रेट उचलून पुढच्या वेलीकडे गेल्या.

'पोरं थुकून टाकतात' या तीन शब्दांत एका उद्योगाचे अर्थशास्त्र आहे. वाइनचे द्राक्ष मंडईत विकता येत नाही. खाण्याच्या द्राक्षाला एक व्यापारी भाव देईना तर दुसरा बघता येतो, तोही नसेल तर बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष लावणारा कारखान्याच्या दाराशी बांधला गेला. २००८-०९ च्या मंदीत हेच झाले. कारखान्यांकडे वाइन पडून राहिली, करार केलेल्या शेतकऱ्यांचा माल उचलला जाईना, आणि अनेकांनी डोळ्यांत पाणी आणून उभे वेल उपटले.

दुपारी पाहुण्यांच्या दालनात आम्हांला चाखावयास वाइन दिली. एक तरतरीत, सभ्य तरुण समजावून सांगत होता. त्याने पेला हलवून वास घ्यावयास सांगितले आणि विचारले, "पेरूचा वास येतो का?" आम्हांला आजीच्या फडताळातल्या द्राक्षासवाच्या बाटलीची आठवण झाली, पेरू काही सापडला नाही. बाटली हातात घेऊन पाहिली. वर मोठ्या अक्षरात कंपनी, खाली द्राक्षाची जात, त्याखाली नाशिक. आम्ही विचारले, "नाशिक म्हणजे कुठले गाव?" तरुण म्हणाला, "काका, आपल्याकडे जिल्हा पुरतो. गावागावाची प्रतवारी फ्रान्समध्ये असते." गावागावाची प्रतवारी! हे शब्द ऐकले आणि आम्हांला पुड्यांवरची ती चिठ्ठी आठवली. परत येताना पुस्तक शोधले. फ्रेंच नावांचे उच्चार एका प्राध्यापक मित्रांकडून दुरुस्त करून घेतले आहेत. तरीही चुकलो तर दोष आमचा.

फ्रान्समध्ये प्रतवारीची एकच पद्धत नाही. मुलूख बदलला की पद्धत बदलते. त्यातल्या तीन मुलखांविषयी सांगतो.

पहिला बोर्दो. तिथली प्रसिद्ध प्रतवारी १८५५ ची. त्या वर्षी तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरविले. बोर्दोच्या वाइन तिथे मांडावयाच्या, तर उत्तम कोणती आणि मध्यम कोणती याची यादी हवी. तिथल्या व्यापारी मंडळाने ती यादी कोणाकडे मागितली? शेतकऱ्यांकडे नाही, चाखणाऱ्या पंडितांकडेही नाही. दलालांकडे! आणि दलालांनी पंधरवड्याच्या आत, एप्रिलच्या १८ तारखेला, ती तयार करून दिली. इतक्या लवकर कशी दिली असे वाटेल. त्यांनी त्यासाठी बाटल्या उघडून चव घेतली नाही. आपल्या वह्या उघडल्या. कोणत्या मळ्याच्या मालाला वर्षानुवर्षे काय भाव पडला, त्या क्रमाने तांबड्या वाइनचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात चार नावे: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. होय, लातूर! आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही, पण आम्हांला गंमत वाटली.

मोंढ्यातल्या माणसाला हे नवे नाही. सोयाबीनच्या ढिगात मूठ घालून ओलावा किती, माती किती हे कोण सांगतो? घेणारा सांगतो. भाव आधी ठरतो की प्रत आधी ठरते, हे ढिगाजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कधी कळत नाही. बोर्दोत हाच प्रकार कोट घालून झाला. आणि एकदा छापल्यावर ती यादी दगडावर कोरल्यासारखी झाली. पावणेदोनशे वर्षे होत आली, त्यांत पहिल्या वर्गात एकच बढती झाली: १९७३ साली मूतों-रोथशिल्ड हा मळा दुसऱ्यातून पहिल्या वर्गात आला. त्या हुकमावर सही करणारे शेतीमंत्री म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक. आणखी एक खुबी पाहा. वर्ग मिळाला आहे तो मळ्याच्या नावाला. त्या मळेवाल्याने शेजारचे रान विकत घेतले तर, त्याच टापूतले असले म्हणजे, त्या रानाचे द्राक्षही वरच्या वर्गात जाऊन बसते. काल तिसऱ्या वर्गातले ढेकूळ आज पहिल्या वर्गातले!

दुसरा मुलूख बर्गंडी. तिथे मान नावाला नाही, जमिनीला. मध्ययुगात ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी उतारावरच्या एकेका तुकड्याची पारख केली, त्याला बांध घातले, नावे दिली. आजही त्या तुकड्यांचे वर्ग आहेत: सर्वांत वर 'ग्रां क्र्यू', मग 'प्रेमिये क्र्यू', मग गावाच्या नावाची, आणि तळाला सगळ्या मुलखाच्या नावाची वाइन. मालक कोणीही असो, तुकड्याचा वर्ग बदलत नाही. क्लो द व्हूजो नावाचे भिंतीने वेढलेले सुमारे ५० हेक्टरांचे एक रान आहे. राज्यक्रांतीत मठाकडून ते काढून घेतले गेले, पुढे विक्री आणि वाटण्या होत होत आज तिथे सुमारे ८० मालक आहेत. आपल्याकडचा सातबारा डोळ्यांपुढे आणा म्हणजे चित्र पटेल. कोणाच्या वाट्याला चार ओळी, कोणाच्या सहा. पण बाटलीवर सर्वांच्या तेच थोर नाव. जमीन बोलते हे खरे. कसणाऱ्याचा आवाज मात्र तिथेही बारीकच.

आता तिसरा मुलूख, ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला. शॅम्पेन. लग्नात, क्रिकेटच्या सामन्यात जी बाटली हलवून फेस उडवितात, ती ज्या प्रांताच्या नावाने ओळखली जाते तो पॅरिसच्या पूर्वेचा थंड प्रांत. तिथे द्राक्षे पिकवणारे हजारो छोटे शेतकरी, आणि वाइन करून विकणाऱ्या रेंस आणि एपर्ने या शहरांतल्या मोठ्या पेढ्या. शतकापूर्वीची स्थिती अशी की वेलींना मुळे खाणारी कीड लागली, हवामान फिरले, १९१० चा हंगाम तर जवळजवळ बुडाला. शेतकऱ्याला वाटले, माल थोडा म्हणजे भाव तरी चढेल. पण काही पेढ्यांनी दुसऱ्याच प्रांतांतून स्वस्त द्राक्षरस आगगाडीने आणला आणि बाटलीवर चिठ्ठी लावली शॅम्पेनची. तेरखेड्यातला मुलगा खळीचे भांडे घेऊन बसला होता तसाच तिथेही कोणी बसला असेल.

१९११ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी दामरी, ओव्हिलेर या गावांत परका रस आणणारी पिंपे अडविली, फोडली आणि मार्न नदीकाठच्या त्या गावांत वाइनचे पाट वाहिले. सरकारने आधीच, १९०८ साली, शॅम्पेन म्हणजे कोणता मुलूख याची हद्द हुकमाने आखली होती. पण तिने दुसरेच भांडण उभे केले. दक्षिणेकडचा ओब जिल्हा तीत बाहेर राहिला. ओबचे लोक म्हणाले, जुन्या शॅम्पेन प्रांताची राजधानी त्र्वा आमच्याकडे, आणि आम्हीच परके? तेही हजारोंनी रस्त्यावर उतरले. त्यांना खूश करावयास सरकार हद्द रद्द करू लागले, तर मार्नचे शेतकरी पेटले. एप्रिलमध्ये एका गावात पेढ्यांच्या इमारती जाळल्या गेल्या, घोडदळ आले. त्या गावाचे नाव सांगतो. आपल्या कानाला ते विचित्र गोड लागेल. त्याचा उच्चार आहे 'आई'.

शेतकरी शेतकऱ्याशी भांडला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पेढ्यांवर निघालेला मोर्चा शेवटी शेजारच्या जिल्ह्यावर गेला. आपल्याकडे टोळी टोळीशी भांडते तेव्हा मुकादम शांतपणे विडी ओढत बसतो, त्याची आठवण होते. ओबला आधी 'दुय्यम विभाग' म्हणून आत घेतले, आणि पूर्ण मान मिळावयास १९२७ उजाडले.

पण या दंग्यातून एक चीज निघाली, तिला आम्ही मनापासून दाद देतो. गावांची टक्केवारी. शेतकरी आणि पेढ्या यांनी समोरासमोर बसून दर हंगामात द्राक्षाचा किलोचा भाव ठरवावयाचा, आणि प्रत्येक गावाला टक्के लावावयाचे. शंभर टक्क्यांच्या गावाला पूर्ण भाव, ८५ टक्क्यांच्या गावाला त्याचे ८५ टक्के. ज्यांना आज ग्रां क्र्यू म्हणतात ती १७ गावे शंभर टक्क्यांची. 'आई' त्यांतलेच एक. पेढीचा माणूस एकट्या शेतकऱ्याला कोपऱ्यात घेऊन 'तुझे द्राक्ष हलके' असे म्हणू शकेना, कारण भाव गावाचा होता, एकट्याचा नव्हता. १९९० पर्यंत ठरीव भावाची ही रीत चालली. मग बाजार मोकळा झाला, आणि टक्के केवळ मानापुरते उरले. या टक्केवारीत भांडणे नव्हती असे नाही. ८४ टक्क्यांच्या गावाला ८५ चे गाव शत्रू वाटे. पण दलालाच्या वहीऐवजी मेज आले आणि मेजाला दोन बाजू आल्या.

बाटलीवरच्या नावाला देशभर कायद्याचे कुंपण मिळाले ते १९३५ साली. सिनेटर जोझेफ कापू यांनी पाठपुरावा केला. एका राष्ट्रीय संस्थेकडे काम सोपविले गेले: कोणत्या हद्दीतले द्राक्ष, कोणती जात, हेक्टरी जास्तीत जास्त किती उत्पन्न, छाटणी कशी, हे सगळे नियमाने बांधले. पहिली नावे १९३६ साली नोंदली गेली. आम्हांला हे साल वाचून थांबावेसे वाटले. त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा मिळविला. एकाच वर्षी एका हाताला द्राक्षाच्या गावाचे नाव कायद्यात आले, दुसऱ्या हाताला कामगाराची रजा कायद्यात आली. पण ही दोन कागदपत्रे एकमेकांना भेटली नाहीत. नाव कोणत्या मातीला द्यावे हे एका वहीत, माणसाला कसे वागवावे हे दुसऱ्या वहीत.

याचा अर्थ काय ते आपल्या उसावरून सांगतो. उसाचा भाव साखरेच्या उताऱ्यावर बांधला आहे, हे या सभेतल्या पोराटोरांनाही ठाऊक. उतारा चढला की टनामागे शेतकऱ्याला अधिक. रास्तच आहे ते. पण तो ऊस तोडणाऱ्या कोयत्याला काय? तोडणीचा दर टनावर. उतारा दहा असो की बारा, कोयत्याचा पैसा तोच. २०२४ च्या जानेवारीत बऱ्याच ताणाताणीनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनांनी भांडून घेतली. ऊस चांगला निघाला म्हणून कोणी दिली नाही. वाशी, भूम, कळंब इथून ज्या घरांना दिवाळीनंतर कुलपे लागतात त्या घरांचा आणि उताऱ्याचा काही संबंध नाही. प्रतवारीचा पैसा वेलीपर्यंत पोहोचतो, धाटापर्यंत पोहोचतो. कात्रीपर्यंत आणि कोयत्यापर्यंत येत नाही.

शॅम्पेनमध्ये द्राक्षे हातानेच तोडली पाहिजेत असा नियम आहे, यंत्राला बंदी. अखंड घड हवा म्हणून. म्हणजे हात हा त्या प्रतवारीचाच भाग झाला! दर हंगामाला लाखाहून अधिक माणसे तोडणीला येतात. २०२३ च्या सप्टेंबरात कडक उन्हाचा हंगाम गेला. तोडणीवर माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या. त्याच हंगामात नेल-ले-रेपों नावाच्या खेड्यात पन्नासांहून अधिक मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, एका गलिच्छ इमारतीत कोंबलेले आढळले. त्यांना आणणारी मजूर पुरविणारी कंपनी होती. तिकडचा मुकादमच म्हणा. २०२५ च्या जुलैत शालों येथील न्यायालयाने या प्रकरणी तिघांना माणसांच्या व्यापाराबद्दल दोषी ठरविले. आणि तिथल्या सेजेते या कामगार संघटनेने जी मागणी केली ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ती म्हणाली, अशा रीतीने तोडलेल्या द्राक्षाच्या वाइनला शॅम्पेन हे नाव लावू देऊ नका.

मागणी किती साधी आणि किती खोल आहे पाहा. तिने दंड मागितला नाही. तिने नाव मागितले. हद्दीबाहेरचे द्राक्ष आले तर नाव जाते, जात चुकली तर नाव जाते, यंत्राने तोडले तर नाव जाते. मग माणसाला जनावरासारखे ठेवले तर नाव का जाऊ नये? अजून ती मागणी मान्य झालेली नाही. पण १९११ साली शेतकऱ्याने ज्या खोलीचे दार फोडले, त्या खोलीचे दार आता तोडणारा वाजवतो आहे.

आपल्याकडे काय? आपला भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ साली. नोंदणीचे कार्यालय चेन्नईला. दार्जिलिंगचा चहा पहिला. मग सोलापूरची चादर, कोल्हापूरचा गूळ, सांगलीचा बेदाणा असे करीत करीत २०२४ साली आपल्या जिल्ह्याची पाळी आली: तुळजापूरची कवड्यांची माळ आणि कुंथलगिरीचा खवा. कुंथलगिरी इथून काही लांब नाही. तेव्हा फ्रान्स राहू द्या, खव्याकडे या.

आम्ही तो कायदा वाचला. वकील नाही, पण मोंढ्यात पावती वाचावयास शिकलो तसाच वाचला. त्यात 'उत्पादक' कोण ते सांगितले आहे. शेतीमाल असेल तर पिकवणारा, शिवाय त्यावर प्रक्रिया करणारा वा वेष्टन बांधणारा. कारागिरीची किंवा कारखान्याची वस्तू असेल तर ती बनविणारा, आणि तिचा व्यापार करणाराही! व्यापाऱ्याचा उल्लेख स्पष्ट आहे, मजुराचा नाही. पण 'बनविणारा' हा शब्द आहे. आता कुंथलगिरीकडच्या भट्टीवर जा. चारपाच लिटर दूध आटते तेव्हा किलोभर खवा पडतो. लाकडाच्या धुरात, कढईच्या काठाशी बसून, दूध तळाला लागू नये म्हणून जी बाई अखंड उलथणे फिरवीत असते, तिचा हात थांबला तर खवा करपतो. तिच्या त्या हाताला मानांकन मिळाले आहे. मग ती 'बनविणारी' की भट्टीचा मालक 'बनविणारा'?

हा शब्दांचा कीस नव्हे. ज्या मावशीचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तिचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही पंधरा वर्षांचे असताना त्या शेडमध्ये एक दिवस भडका उडाला. तिघी भाजल्या. मावशीचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले म्हणाना. बोटे जुळून आली. नुकसानभरपाईचा कायदा तेव्हाही होता. पण हजेरीपत्रक मागितले तर त्यावर तिचे नावच नव्हते. नऊ वर्षे ती तिथे काम करीत होती, आणि कागदावर ती तिथे कधी आलीच नव्हती. दवाखान्याचा खर्च आणि वर थोडे पैसे देऊन प्रकरण मिटविले गेले. अंगठा घ्यावयाचा तर अंगठा उमटेना, म्हणून आमच्या मामांनी तिच्या वतीने सही केली. पुड्यावर गाव नाही, वहीत नाव नाही. ती अजून आहे. आजच्या सभेला आली नाही. ऐकू कमी येते, आणि दिवाळीपेक्षा मोठा आवाज तिला सोसत नाही.

तर खव्याकडे येतो. कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मानांकनाची नोंद झाली की जो स्वतःला त्या वस्तूचा उत्पादक म्हणवतो तो 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून अर्ज करू शकतो. अर्ज बहुतेक मालक आणि मंडळे करतात. त्यात गैर काही नाही. पण भट्टीवर बसणाऱ्या बाईने केला तर? आम्ही तीन वकिलांना विचारले. एकाने हो म्हटले, एकाने नाही म्हटले, आणि तिसऱ्याने चहा मागविला. तेव्हा करून पाहावे असे आम्ही ठरविले आहे. अर्ज फेटाळला तर कारण मागू. बाई बनविणारी नाही असे लिहून देणारा अधिकारी कोणत्या शब्दांत लिहितो, ते वाचण्याची आम्हांला उत्सुकता आहे.

भट्टीमालकांपैकी दोघांशी बोलणे झाले आहे. एकाने हरकत नाही म्हटले. तो स्वतः पहाटे कढईवर बसतो. दुसऱ्याने विचारले, याने माझा खवा महाग होईल का? खरे सांगावयाचे तर होईल, थोडा. सरपण महागले तेव्हाही झाला होता. आम्ही त्याला शॅम्पेनच्या टक्क्यांची हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "तुमच्या त्या 'आई' गावात मालकांचेही काही चालत होते ना?" चालत होते. म्हणून तर मेज म्हटले, मोर्चा नाही म्हटले. तो विचार करून सांगतो म्हणाला आहे.

येत्या रविवारी आम्ही भूमकडच्या भट्ट्यांवर जाणार आहोत. नावे लिहून घ्यावयाची आहेत: कोण किती वर्षे उलथणे धरते आहे, रोज मिळतो की किलोवर, भाजले तर औषधपाणी कोण करतो. सुवाच्य अक्षर असलेली चारपाच मुले-मुली हवी आहेत, आणि बायकांशी बोलावयास दोन बायका तरी हव्याच. सकाळी सहाला इथल्या थांब्यावरून निघू. भाकरी आपापली आणावी. खवा तिथे मिळेल.